किम दोंग-वॉन तसा नाही
लोक नेहमी म्हणतात की डॉक्युमेंटरीवाले गरिबांचं दुःख शूट करतात आणि निघून जातात. बऱ्याच जणांचं खरंय ते, पण दक्षिण कोरियाचा डॉक्युमेंटरी दिग्दर्शक किम दोंग-वॉन, त्याला त्यात धरू नका. १९८८ च्या सोल ऑलिंपिकआधी सोलमधली सांग्ये-दोंग ही गरिबांची वस्ती पाडली तेव्हा हा माणूस कॅमेरा घेऊन गेला आणि त्या लोकांमध्येच राहिला, जवळपास ३ वर्षं. हाकललेली कुटुंबं सोलशेजारच्या बुचॉन शहरात हायवेजवळ गेली तर तिथली तात्पुरती घरंही पाडली, का तर ऑलिंपिकची मशाल त्या रस्त्याने जाणार होती, मग लोक जमिनीत खड्डे खणून राहिले, बायकापोरांसकट! यावरची त्याची फिल्म फक्त २७ मिनिटांची आहे पण सगळं वस्तीच्या आतून दिसतं. पुढे दक्षिण कोरियाच्या तुरुंगातून सुटलेल्या उत्तर कोरियाच्या बाजूच्या राजकीय कैद्यांना तो तब्बल १२ वर्षं शूट करत होता.