घणसोलीत वन बीएचके, बँक लोन देत नाही. मदत हवी आहे

सायली_आर:
नवी मुंबईत घणसोलीला वन बीएचके पसंत पडलाय, टोकन दिलंय. बँका लोन नाकारतायत. सिबिल उत्तम, दोघांचे पगार चालू, तरीही. एजंट म्हणतो पतसंस्थेतून करून देतो, व्याज जरा जास्त. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय. कुठली बँक घणसोलीत लोन देते? प्लीज लवकर सांगा.

निळकंठ५२:
नाकारताना कारण काय दिलं? आणि घर नोडमध्ये (म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, सिडकोने, आखलेल्या भागात) की गावठाणात, जुन्या गावाच्या वस्तीत? सेक्टर सांगा.

सायली_आर:
सेक्टर एजंटला विचारावा लागेल. स्टेशनपासून चालत जाता येतं. बँक "टेक्निकल" एवढंच म्हणाली. टॅक्स पावती आहे, महावितरणचं मीटर आहे, मग अडतंय कुठे?

मुक्ता_वाशी:
घणसोली छान आहे हो. मोरबे धरणाचं पाणी, ठाण्याला थेट लोकल. बिनधास्त घ्या.

निळकंठ५२:
मुक्ताताई, त्यांनी पाण्याचं विचारलेलं नाही.
सायली, "टेक्निकल" म्हणजे बहुधा बँकेच्या इंजिनिअरला मंजूर नकाशा नाहीतर ओसी (इमारत राहायला वापरायचा दाखला) मिळाली नाही. टॅक्स महापालिका अनधिकृत बांधकामालाही लावते. पावती आणि मीटर यांनी इमारत अधिकृत होत नाही. सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी), ओसी आणि विक्रेत्याच्या नावाचा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीचा सरकारी उतारा) मागा.

सायली_आर:
इंडेक्स टू नाही म्हणे, नोटरीचे कागद आहेत. गावातच आहे इमारत, पाच मजली, लिफ्टची. बेडरूमच्या खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या भिंतीला लागतो, पण आतून घर सुरेख आहे.

निळकंठ५२:
हे आधी सांगायला हवं होतं. नोटरीच्या कागदाने घर नावावर होत नाही. नवी मुंबईतच दिघ्यात 99 अनधिकृत इमारती पाडायचा आदेश 2015 मध्ये उच्च न्यायालयाने दिला होता. ज्या पडल्या त्यातले संसार रस्त्यावर आले, बिल्डरचं काही गेलं नाही.

आगरी_पोर:
गावातलं सगळं बेकायदा, हे बोलणं थांबवा. नवी मुंबई वसवायला 95 गावांच्या जमिनी घेतल्या. 1984 ला जासई-दास्तानला जमिनीच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, मग कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. गावठाण वेळेवर वाढवलं नाही, पोरं वाढली, गरजेपोटी घरं बांधली.

निळकंठ५२:
राहायला बांधलेलं घर वेगळं, विकायला चढवलेले पाच मजले वेगळे.

आगरी_पोर:
ते मान्य. असल्या इमारतींत बाहेरचे बिल्डर पैसा घालतात आणि नाव आमच्या गावाचं खराब होतं. ताई, तुम्ही ही घेऊ नका.

प्रवासी_पनवेल:
तळोज्याला बघा. बेलापूर-पेंधर मेट्रो 2023 पासून चालू आहे.

सायली_आर:
तळोजा नको, नवऱ्याची रबाळ्याला शिफ्ट ड्युटी आहे. टोकनचं सांगा कोणीतरी! पावती दिली नाही, यूपीआयने दिलंय.

निळकंठ५२:
यूपीआयची नोंद पुरावाच आहे, स्टेटमेंट काढून ठेवा. आजच एजंट आणि विक्रेता दोघांनाही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: ओसी आणि इंडेक्स टू द्या, नसेल तर टोकन परत करा. फोनवर बोलू नका, लेखी ठेवा. नाही दिलं तर वकिलाची नोटीस. पतसंस्थेच्या फॉर्मवर सही अजिबात नको. रबाळ्यासाठी कोपरखैरणेत सिडकोची जुनी घरं बघा. सिडकोचं हस्तांतरण करावं लागतं, तो खर्च वेगळा धरा.