मदत हवी आहे : पन्हाळ्यावरच्या सूर्योदयाचा फोटो

मंडळी, गेले तीन रविवार पहाटे कोल्हापुरातून निघून पन्हाळ्यावर सज्जा कोठीच्या बाजूला जातोय. खाली धुकं आणि त्यातून वर येणारा तांबूस गोळा, डोळ्यांना दिसतं ते अप्रतिम! फोटोत मात्र उतरत नाही.

कॅमेरा साधा डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ची लेन्स. ट्रायपॉड आहे. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवतो. आकाशावर एक्स्पोजर धरलं की तटबंदी काळी ठिक्कर पडते, तटबंदीवर धरलं की आकाश पांढरं फटक. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढून सावल्या उजळल्या, तर दाणे दिसतात.

ब्रॅकेटिंग करून (तेच दृश्य कमी-जास्त एक्स्पोजरने टिपून) तीन फोटो जोडावेत की ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक अशी लेन्ससमोरची काच) घ्यावा? तटबंदीची रेघ सरळ नसल्यामुळे फिल्टरने बुरुजाचं टोकही काळवंडेल, अशी शंका येते. पण धुकं सरकत असताना तीन फोटो नीट जुळतात का?

ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा आपोआप ठरवतो तो रंगांचा समतोल) तो केशरी रंग फिका करतो, म्हणून आता क्लाउडीवर (ढगाळ हवेच्या सेटिंगवर) ठेवलाय. बरोबर आहे ना?

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. तिथे किंवा रंकाळ्यावर पहाटे फोटो काढणाऱ्यांनी आपली सेटिंग्ज जरूर सांगा.