मदत हवी आहे : अठरा पूर्ण झाल्यावर वसतिगृहात राहून अनुरक्षणाची (बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची) मदत मिळते का?

मी एका बालगृहात समुपदेशक आहे. आमची एक मुलगी डिसेंबरमध्ये अठरा पूर्ण करेल, बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. अनुरक्षणगृह, म्हणजे अठरानंतर बालगृह सोडणाऱ्यांची राहायची सोय, दुसऱ्या जिल्ह्यात आहे. ऐन परीक्षेआधी कॉलेज सोडायला ती तयार नाही, आणि मला तिचं पटतं. आई आहे, पण घर सुरक्षित नाही. त्यामुळे अनाथ प्रमाणपत्र, अनाथांसाठीचं १ टक्का आरक्षण हे सुचवू नका.

बाल न्याय कायदा २०१५, कलम ४६ (अठरानंतर संस्था सोडणाऱ्यांना आर्थिक मदत) चा आधार घेऊन बालकल्याण समितीकडे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडे, अर्ज दिलाय. तोंडी उत्तर एकच, 'अनुरक्षणगृहात पाठवा.' आधार, बँक खातं, वैयक्तिक देखभाल आराखडा तयार आहे.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेचे दरमहा ४,००० रुपये कॉलेजच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला महाराष्ट्रात कुणी मिळवून दिलेत का? समितीच्या आदेशात नेमकं काय लिहून घेतलंत?