गाडी डावीकडे ओढते, दोनदा अलाइनमेंट झालं तरी तेच (नागपूर), लवकर सांगा

मनीषनगरकर:
दहा दिवसांत दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं, पैसे गेले, फरक शून्य. वर्धा रोडवर साठच्या वर गेलो की गाडी डावीकडे ओढून राहिली. स्टेअरिंग सारखं उजवीकडे धरून धरून खांदा दुखायला लागला. शनिवारी आईला घेऊन अमरावतीला जायचं आहे. काय बदलायचं तेवढं सांगा, उद्याच बदलतो.

वाडीवाला:
गाडी कोणती? किती चालली? ब्रेक मारल्यावरच ओढते की नुसती चालतानाही? यातलं काहीच लिहिलं नाही, मग काय बदलायचं ते सांगणार कोण?

मनीषनगरकर:
पेट्रोल हॅचबॅक, २०१९ ची, ५८ हजार किमी. नुसती चालतानाच ओढते. ब्रेक बरोबर लागतात.

संत्रानगरी:
नायट्रोजन भरा. मी चार वर्षांपासून भरतो, आपल्या इथल्या उन्हाळ्यात हाच उपाय. गाडी रेघेत चालते.

वाडीवाला:
दादा, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. डाव्या चाकात २७ आणि उजव्यात ३३ असेल तर नायट्रोजन भरूनही गाडी डावीकडेच जाणार. टायर थंड असताना, सकाळी, चारही चाकांची हवा मोजा.

संत्रानगरी:
माझा अनुभव सांगितला. तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या.

हिंगणा_एमआयडीसी:
भाऊ, माह्या गाडीचं बी असंच होतं. डाव्या चाकाचा कालिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, जाम. दहा किलोमीटर चालवा, ब्रेक कमीत कमी मारा, मग उतरून समोरच्या दोन्ही रिमांजवळ हात न्या. लावू नका, पोळते. एक जास्त तापलं असेल तर तिकडचा ब्रेक धरून राहिला समजा.

कोराडी_रोड:
तुम्ही सगळे उगाच खर्च सांगून राहिले. आपण डावीकडून चालतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला बाहेरच्या बाजूला उतार असतो. हात सोडला की गाडी थोडी डावीकडे जाणारच.

मनीषनगरकर:
हवा चारही चाकांत ३३. रिम दोन्हीकडे सारखेच कोमट. आणि उताराचं म्हणाल तर त्याच रस्त्यावर शेजारच्या काकांची गाडी चालवून पाहिली, ती सरळ जाते. अलाइनमेंटच्या कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत आहेत. आता सांगा.

मेडिकल_चौक:
विमा आणि पीयूसीची तारीख पाहून ठेवा. बाहेरगावी जाताना लोक हेच विसरतात.

वाडीवाला:
हिरव्यावर जाऊ नका, आकडे वाचा. टो (वरून पाहिलं तर चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) थोडा बिघडला तर टायर झिजतात, स्टेअरिंग वाकडं दिसतं, पण गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही. ओढते ती कॅस्टर (बाजूने पाहिलं तर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) किंवा कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाकाचा आत-बाहेर कल) दोन्हीकडे वेगळा असला की. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक आहे का? बऱ्याच छोट्या गाड्यांत समोरचा फक्त टो बसवता येतो. म्हणजे खड्ड्यात आपटून लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकला असेल तर दहा वेळा अलाइनमेंट करा, काही होणार नाही. आणि हे कधीपासून सुरू झालं, ते अजून सांगितलं नाही तुम्ही.

मनीषनगरकर:
कॅस्टर जवळपास सारखाच आहे. खड्ड्यात वगैरे आपटली नाही. समोरचे दोन टायर नवीन टाकले तेव्हापासून सुरू झालं. नवीनच आहेत म्हणून लिहिलं नाही.

वाडीवाला:
अहो, पहिल्याच ओळीत लिहायचं होतं हे! नवीन टायरही ओढतो. रेडियल टायरचे आतले पट्टे तयार होताना किंचित सरकले तर टायर शंकूसारखा एका बाजूला लोळतो. बाहेरून काही दिसत नाही आणि अलाइनमेंटच्या मशिनीला तर कळतच नाही. समोरची दोन चाकं रिमसकट आपसात बदला. फक्त टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण नाही ना, ते आधी पाहा. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर खाली लिफ्टवर पाहावं लागेल.

कोराडी_रोड:
अमरावतीला समृद्धीने जाऊ नका अशी गाडी घेऊन. १२० च्या वेगाला हे धोक्याचं.

हिंगणा_एमआयडीसी:
अमरावतीसाठी समृद्धी कायले? कोंढाळी, तळेगाव, तिवसा, सरळ रस्ता.

संत्रानगरी:
जुन्याच रस्त्याने जा. आणि परतताना कोंढाळीला थांबून संत्री पाहा, शहरापेक्षा ताजी मिळतात.

मनीषनगरकर:
आज सकाळी घरीच जॅक लावून चाकं बदलली. बाण नव्हता. वर्धा रोडला चिंचभवनपर्यंत जाऊन आलो. गाडी आता उजवीकडे ओढते! दोन अलाइनमेंटचे पैसे गेले आणि कोणीही एकदा टायरकडे पाहिलं नाही, याचा राग येतो.

वाडीवाला:
म्हणजे टायरच. आता समोरची दोन्ही मागे आणि मागची दोन्ही समोर टाका. मागच्या चाकात ही ओढ फारशी जाणवत नाही. पण मागचे जुने टायर आधी नीट पाहा, नक्षी १.६ मिमीच्या जवळ आली असेल तर समोर टाकू नका. नट एकाआड एक आवळा, शंभर किमीनंतर परत तपासा. बिल घेऊन दुकानात जा, बनावटीच्या दोषावर वॉरंटी मागा.

मनीषनगरकर:
मागचे अर्धेच झिजलेत. टाकले समोर. सरळ चालून राहिली! बिल सापडलं, सोमवारी दुकानात जातो. शनिवारी अमरावती नक्की. वाडीवाला दादा, मनापासून आभार.

धंतोली_०७:
माझी मात्र ब्रेक मारला की उजवीकडे जाते. मीही चाकं बदलू का?

हिंगणा_एमआयडीसी:
नाही भाऊ, तुमचं वेगळं. ब्रेक मारल्यावर जाते म्हणजे आधी डाव्या बाजूचा कालिपर आणि ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) दाखवा, तिकडचा ब्रेक कमी लागत असेल. आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका.