मेंदूतला रक्तस्राव, वयस्कर पेशंट आणि हॉस्पिटल : तुमचे अनुभव सांगा

मधुवंती

मेंदूत रक्तस्राव झाला की पहिल्याच दिवशी घरच्यांना चार गोष्टी ऐकवल्या जातात. रक्त किती, कुठे, शुद्ध कितपत आणि वय काय. डॉक्टर जो 'आयसीएच स्कोअर' काढतात त्यात ऐंशी गाठलेल्या माणसाला नुसत्या वयाचा एक गुण लागतो, आणि इथे गुण जितके जास्त तितकं वाईट. यातलं काहीच आपल्या हातात नसतं. पण त्यानंतर हॉस्पिटलात कोणी काय केलं आणि काय राहून गेलं, यावरही माणूस उठून बसणार की खाटेला खिळणार हे बरंच अवलंबून असतं, असं बाबांच्या आजारपणानंतर माझं ठाम मत झालंय. म्हणून हा धागा.

बाबा ७८ वर्षांचे, बीपी जुनं. उजव्या थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या आतल्या भागात) रक्तस्राव, डावा हात-पाय लुळा. कॅज्युअल्टीत कवळी, चष्मा, कानाचं मशीन, अंगठी सगळं काढून प्लास्टिकच्या पिशवीत भरून माझ्या हातात दिलं. "घरी न्या, इथे हरवलं तर आम्ही जबाबदार नाही." त्यांच्या परीने बरोबरच होतं.

नंतर राउंडला येणारा प्रत्येक डॉक्टर पायथ्याशी उभा राहून मास्कमधून म्हणायचा, "आजोबा, उजवा हात वर करा." आजोबा ढिम्म. फाईलवर रोज तेच : सूचना पाळत नाहीत. आम्हाला सांगितलं, शुद्धीत फरक नाही, फार आशा ठेवू नका. शेवटी रात्रपाळीच्या एका सिस्टरने विचारलं, "यांना ऐकू येतं ना नीट?" मी सकाळी मशीन घेऊन गेले. सेल बदलला, कानात बसवताना ते नेहमीसारखं कुईं करून वाजलं. सिस्टर सवयीने मोठ्याने म्हणाली, "आजोबा, हात वर करा!" बाबांनी उजवा हात वर केला आणि जड जिभेने म्हणाले, "ओरडतेस कशाला?"

शुद्ध कितपत आहे हे मोजायला डॉक्टर पंधरापैकी मार्क देतात, त्यात त्या एका मशीनने फरक पडला. मार्क वाढले म्हणून फिजिओ सुरू झाली, खुर्चीत बसवायला लागले. रक्ताची गाठ तेवढीच होती.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. चांगलं, वाईट, दोन्ही. हॉस्पिटलांची आणि डॉक्टरांची नावं मात्र नकोत, नाहीतर धाग्याची भांडणं होतील.

गोदाकाठ

आमच्याकडं पहिले काही तासच महागात पडले असते. गेवराईकडचं गाव. सासरे ७१, हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी कायमची. पहाटे उलटी झाली, तोंड वाकडं झालं. १०८ वेळेवर आली. जवळच्या हॉस्पिटलात सीटी नव्हतं, तिथून चिठ्ठी दिली : 'पुढील उपचारासाठी रेफर'. एवढंच. बीपी किती, गोळ्या कुठल्या, काही नाही.

संभाजीनगरला पोचलो तर दारातच एका तरुण डॉक्टरणीचा पहिला प्रश्न, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" मिस्टरांनी गोळ्यांची पिशवीच तिच्यापुढे ओतली. तिनं पाकीट उचललं, सीटीला पाठवतानाच आयएनआरचं, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते बघायचं, रक्त घेतलं, आणि सीटीत रक्त दिसल्याबरोबर व्हिटॅमिन के आणि प्लाझ्मा सुरू केला. बीपीचं औषध पंपावर लावलं. नंतर मोठे डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटमध्ये गाठ तासातासाला वाढत जाते, ते थांबलं हे नशीब. मी म्हणते नशीब कसलं, ती पोरगी.

रेफर करताना चार ओळी नीट लिहायला काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

सोमवारपेठ

मधुवंती, कवळीचं पण तसंच. कवळीशिवाय आईचं बोलणं कोणालाच कळत नव्हतं, 'वाचा गेली' म्हणाले होते.

खाट_नंबर_९

मी आयसीयूत सिस्टर आहे, बरीच वर्षं. दुसरी बाजूही लिहू दे.

कागदावर व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक सिस्टर असते. प्रत्यक्षात रात्री आमच्याकडे तीन-चार पेशंट, त्यातला एक हमखास नळ्या उपटणारा. दर दोन तासांनी कूस बदलायची हे आम्हाला माहीत नाही असं नाही. ऐंशी किलोच्या आजोबांना वळवायला दोन माणसं लागतात, आणि त्या वेळी वॉर्डबॉय मामा ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला गेलेले असतात. ज्या युनिटमध्ये माणसं पुरेशी आहेत तिथे पाठीला जखमा कमी होतात. यात चांगल्या-वाईट सिस्टरचा प्रश्न कमी आणि ड्युटीच्या तक्त्याचा जास्त आहे.

हात बांधण्यावरून नातेवाईक फार चिडतात. वयस्कर पेशंट आयसीयूत गोंधळतो. दिवे चोवीस तास चालू, मॉनिटर वाजतोय, खिडकी नाही, दिवस की रात्र कळत नाही. संध्याकाळनंतर तो नळी ओढतो, उठून पळायला बघतो. बांधलं की आणखी बिथरतो, आणि झोपेचं इंजेक्शन दिलं तर सकाळी डॉक्टरांना कळेनासं होतं की ही सुस्ती मेंदूची की औषधाची. आमच्या जुन्या इन्चार्ज बाईंनी एक पद्धत पाडली होती. असा पेशंट असला की घरचं एक माणूस संध्याकाळी उशाशी बसू द्यायचं, रात्री त्याच्या बाजूचे दिवे मंद करायचे, पहाटे चारची आंघोळ बंद. बांधाबांध खूप कमी झाली. बाई रिटायर झाल्या, नियम परत 'भेटीची वेळ ५ ते ६'.

आता तुम्हा लोकांचं. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पेशंटला काही पाजू नका. आम्ही आधी चमचाभर पाणी देऊन बघतो. खोकला येतो का, आवाज ओला येतो का, घोट खाली जातो का. त्याआधी कोणीतरी पडद्यामागे "सकाळपासून उपाशी आहेत हो" म्हणून शहाळ्याचं पाणी पाजतं. ते सरळ फुप्फुसात जातं, दोन दिवसांनी न्यूमोनिया. डोक्यातून सावरलेली माणसं छातीने जाताना मी पाहिलीत. आणि काही हॉस्पिटलांत ही चमच्याची तपासणीच कोणी करत नाही, सरसकट नाकातून नळी किंवा सरसकट मऊ भात. दोन्ही चूक.

तांबडापांढरा

आजी, वय ८१, कोल्हापूर. दवाखान्यात फिजिओ रविवारी नाही, सणाला नाही, आणि गणपतीत तर विचारूच नका. तीन दिवस हात तसाच पडून राहिला की बोटं आवळायला लागतात. तिथल्या एक मावशी अंग पुसताना आजीची बोटं एकेक करून उघडायच्या, मुठीत गुंडाळलेला नॅपकिन ठेवायच्या, टाचेखाली उशी सरकवायच्या. कुणी सांगितलेलं नव्हतं, वीस वर्षांचा हात होता. बिलात त्यांचं नाव कुठल्या रकान्यात धरायचं? एअरबेड मात्र 'बाहेरून भाड्याने आणा' म्हणाले, तो आणेपर्यंत माकडहाडापाशी लाल झालंच होतं.

न्यूरोवाला

पेशाने डॉक्टर, याच शाखेतला. वर जे लिहिलंय त्यातलं बहुतेक बरोबर आहे, थोडी भर घालतो.

२०२३ मध्ये 'इंटरॅक्ट-३' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतासह दहा देशांत, सात हजारांवर रुग्ण. त्यात नवीन औषध काहीच नव्हतं. वरचं बीपी तासाभरात १४०च्या खाली, साखर आटोक्यात, ताप आटोक्यात, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा परिणाम लगेच उलटवणं. ही चार कामं एकत्र आणि वेळेत केली तर सहा महिन्यांनी रुग्णांची अवस्था बरी दिसली. गोदाकाठ यांच्या त्या डॉक्टरणीने यातलीच बीपी आणि गोळीची दोन कामं लगेच केली. यासाठी चकचकीत हॉस्पिटल लागतंच असं नाही, ठरलेली पद्धत आणि ती पाळणारी माणसं लागतात.

दुसरं, पहिल्या दिवशीची निराशा. 'वय झालंय, आता काही करू नका' असं ठरलं की बीपीही ढिलं सोडलं जातं, गिळण्याची तपासणी, फिजिओ सगळंच ढिलं. मग पेशंट जातो आणि भाकीत खरं ठरतं. रुग्णाने आधीच तशी इच्छा सांगून ठेवली नसेल, तर 'पुनरुज्जीवन नको' (म्हणजे हृदय थांबलं तर ते परत चालू करायचा प्रयत्न नको) यासारखे निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत घेऊ नयेत, असं अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही सांगतात. रक्तस्रावात सुरुवातीला माणूस फार वाईट दिसतो. सूज उतरली, रक्त शोषलं गेलं की पुढच्या आठवड्यांत चित्र बदलू शकतं.

आणि एक उलटंही. पहिल्या चोवीस तासांतच उठवून चालवायची घाई नको. २०१५च्या 'अ‍ॅव्हर्ट' अभ्यासात स्ट्रोकच्या रुग्णांना तसं जोरात आणि वारंवार उठवलं तेव्हा परिणाम थोडे वाईटच आले. कूस बदलणं, सांधे हलवणं वेगळं.

रानजाई

न्यूरोवाला, पटलं, पण माझा अनुभव वेगळा आहे. आईला ८४व्या वर्षी ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) मोठा रक्तस्राव झाला. हॉस्पिटलने काही म्हणजे काही कमी केलं नाही. बीपी, नळ्या, पाठ, सगळं चोख. आई गेलीच. हा धागा वाचून कुणाला वाटायला नको की माणूस गेलं म्हणजे कुठेतरी हयगय झाली.

आमच्या बाबतीत चांगलं काय झालं, तर तिथल्या एका डॉक्टरांनी आम्हा भावंडांना खुर्च्या देऊन बसवलं, स्क्रीनवर सीटी दाखवला, "हा पांढरा भाग रक्ताचा, श्वासाचं केंद्र इथेच" असं मराठीत सांगितलं. व्हेंटिलेटर लांबवायचा का हे आम्ही एकत्र ठरवू शकलो. शेजारच्या खाटेवाल्यांना कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या 'सिरियस आहे, सही करा' एवढंच ऐकायला मिळालं होतं. तिथे दुसरे डॉक्टर होते.

लेस्टरकर

इंग्लंडमधला अनुभव. आई आमच्याकडे राहायला आली होती, डाव्या बाजूचा रक्तस्राव, बोलणं गेलं. इथे तिला थेट स्ट्रोक युनिटमध्ये नेलं, म्हणजे फक्त स्ट्रोकचेच पेशंट आणि त्याच कामाच्या सिस्टर, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट एका छताखाली. अशा युनिटमध्ये माणसं जास्त वाचतात आणि जास्त स्वावलंबी होतात हे बर्‍याच अभ्यासांत दिसलंय, म्हातार्‍या पेशंटमध्येही आणि रक्तस्रावातही. गिळण्याची तपासणी आल्यावर पहिल्या काही तासांतच झाली.

पण अडलं भाषेशी. आईचं कामापुरतं इंग्रजी पूर्ण पुसलं गेलं. थेरपिस्ट चित्रं दाखवून इंग्रजीत विचारायची, आई नुसती बघत राहायची, आणि कागदावर 'समजत नाही' असं पडायचं. दुभाषा मिळाला तो हिंदीचा. मग मी थेरपिस्टबरोबर बसायला लागलो. ती म्हणाली, तोंडपाठ असलेलं काहीतरी सुरू करून बघ. मी म्हटलं, "बे एके बे". आईने "बे दुणे चार"पासून थेट वीसपर्यंत न अडखळता म्हटलं, आणि पुढच्या क्षणी स्वतःचं नाव विचारलं तर नाही. थेरपिस्टने टिपून घेतलं, पाठ असलेलं असं कधीकधी शाबूत राहतं म्हणे. पाढ्यांवरून वारांवर, वारांवरून "आज कोण वार" असं करत ती आईला शब्दांपर्यंत घेऊन आली. मराठीचा ओ की ठो न कळणारी वेल्श बाई! शेवटी 'मंगळवार' माझ्यापेक्षा स्पष्ट म्हणायची.

ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेला चहा मात्र आईने शेवटपर्यंत तोंडात धरून बाहेर काढला. त्यावर तिथेही इलाज नाही.

भुईमूग

डिस्चार्जबद्दल कोणी लिहिलं नाही. वडिलांना शनिवारी संध्याकाळी घरी पाठवलं, नाकात नळी, लघवीची पिशवी, आणि 'दर दोन तासांनी फीड' असं छापलेला कागद. नळी जागेवर आहे हे कसं ओळखायचं, पाठ किती उचलायची, काही दाखवलं नाही. आठवड्याच्या आत छाती भरून परत अ‍ॅडमिट, दुसरीकडे. तिथल्या सिस्टरने माझ्या बायकोच्या हातात सिरिंज देऊन सांगितलं, "तुम्ही द्या, मी बघते." बसतं करूनच द्यायचं, दिल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. तिला जमेपर्यंत सोडलं नाही. लघवीची नळीही त्यांनी विचारून काढली, म्हणाल्या, गरज संपली की ठेवायची नाही, जंतुसंसर्गाला आमंत्रण.

पैशाचं एकच : सत्तरीच्या पुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, पाच लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही. हॉस्पिटल यादीत आहे का हे मात्र आधी बघा.

अबोली_फोंडा

आई सध्या हॉस्पिटलातच आहे म्हणून इथे विचारते. वय ७४. रक्तस्राव लहान आहे म्हणतात, सीटी परत केला, वाढलेला नाही. पण परवापासून सारखी झोपेत. हाक मारली की डोळे उघडते, परत मिटते. रक्तातलं सोडियम कमी झालंय म्हणतात, पण सगळे 'वय आहे' म्हणून मान हलवतात. यात विचारायचं काय?

न्यूरोवाला

लांबून निदान करत नाही, पण विचारा जरूर. सोडियम काल किती होतं, आज किती. साधारण १३५ ते १४५ असायला हवं. वयस्कर माणसांत मेंदूच्या आजारामुळे आणि लघवी जास्त होणार्‍या बीपीच्या गोळ्यांमुळेही ते उतरतं, आणि नुसत्या त्यानेही पेशंट असा झोपाळू होतो. भरून काढताना मुद्दाम हळू काढतात, दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त वाढवत नाहीत, त्यामुळे लगेच फरक दिसला नाही तर घाबरू नका. सोबत हेही विचारा की फिटचं औषध चालू आहे का, त्याने सुस्ती येतेय का. ताप किंवा लघवीत संसर्ग आहे का. मेंदूतलं पाणी साठत नाहीये हे दुसर्‍या सीटीत पाहिलंय का. 'वय आहे' हे यातल्या एकाचंही उत्तर नाही.

अबोली_फोंडा

काल १२१, आज १२४. फिटची गोळी दोन वेळा चालू आहे. बीपीची जुनी गोळी घरून मीच आणून दिली होती, तिच्यावरचं नाव बघून उद्या राउंडला विचारते.