मदत हवी आहे: शाळेच्या बेसबॉल संघासाठी उद्दिष्टं कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी. डिचोलीतल्या एका हायस्कूलमध्ये पीटी शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांचा बेसबॉल संघ उभा करतोय. बहुतेक पोरं क्रिकेटमधली; चेंडू टोलवला की बॅट खाली टाकायची सोडून ती हातात धरूनच पहिल्या बेसकडे (धावताना गाठायच्या ठाण्याकडे) पळत सुटतात!

वर्षाची उद्दिष्टं लेखी द्यायची आहेत. वरून सूचना एकच, 'तालुका जिंकायचा'. मला ते पटत नाही, कारण समोरचा संघ कसा खेळेल ते आपल्या हातात नसतं. त्यापेक्षा मोजता येईल असं काही हवं: पिचरचे (चेंडू फेकणाऱ्याचे) किती चेंडू स्ट्राइक झोनमध्ये (फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या ठरलेल्या चौकटीत) पडले, एका डावात क्षेत्ररक्षणाच्या चुका किती, तिसऱ्या बेसवरून पहिल्यावर थेट फेक पोचते का (पूर्ण मापाच्या मैदानात ते अंतर सुमारे 127 फूट).

पावसाळ्यात मैदान म्हणजे नुसता चिखल, आणि सुकलं की फुटबॉलवाले हजर. त्या महिन्यांत हॉलमध्ये कसलं लक्ष्य ठेवता?

पिचरच्या खांद्याचीही काळजी वाटते. अमेरिकेत 15-16 वयाला दिवसाला कमाल 95 चेंडूंची मर्यादा सुचवलेली आहे, पण आमच्या नवख्यांना ती फारच. तुम्ही कितीवर थांबवता? आणि वैयक्तिक उद्दिष्टं मुलांनाच लिहायला लावता की तुम्ही देता?