ग्रामपंचायत आणि झेडपी शाळेवर सोलर: ऑनग्रिड की हायब्रिड? मदत हवी आहे

मंडळी, पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीवर आणि शेजारच्या झेडपी शाळेवर सोलर बसवायचं चाललंय. मी सदस्य आहे, विजेतलं फार कळत नाही. ग्रामसभेत निम्म्या लोकांना वाटलं ७८ हजार सबसिडी मिळणार, ती पीएम सूर्यघर योजनेवाली घरगुती कनेक्शनला असते, सरकारी इमारतीला नाही, हे समजावता समजावता सभाच उरकली.

एक एजन्सीवाला म्हणतो ५ किलोवॅट ऑनग्रिड (म्हणजे बॅटरी नाही, थेट विजेच्या लाईनला जोडलेलं) घ्या, स्लॅबवर सावली नसलेली ५०० स्क्वेअर फूट जागा लागेल, दिवसाला सरासरी २० युनिट निघतील. पण मेख अशीय की आमच्याकडं लाईट जाते ती नेमकी दुपारी, आणि ऑनग्रिड सिस्टीम लाईट गेली की आपोआप बंद होते (लाईनवर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून, ते बरोबरच आहे), म्हणजे वर ऊन रणरणतंय आणि खाली दाखल्याला आलेली माणसं कॉम्प्युटर कधी सुरू होतोय बघत बसलीत, हे गावाला कुठल्या तोंडानं सांगायचं? दुसरा म्हणतो हायब्रिड घ्या, म्हणजे लाईनलाही जोडलेलं आणि लाईट गेली की बॅटरीवर चालणारं. बॅटरीसकट रेट ऐकून सरपंच गप्पच झाले.

शाळेचं आणखी वेगळं. मंजूर भार (कनेक्शनला मंजूर झालेली विजेची मर्यादा) १ किलोवॅट, आणि नेट मीटरिंगला (जादा वीज लाईनला देऊन ती बिलातून वळती करायची सोय) मंजूर भाराच्या वर जाता येत नाही. शिवाय मे महिन्यात ऊन भरपूर, शाळा बंद, ते युनिट पावसाळ्यात वळते होतात ना नीट?

वित्त आयोगाच्या अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणं वापरता येणाऱ्या) निधीतून कुणी केलंय का? की रेस्कोनं करावं, म्हणजे पैसा कंपनीचा, आपण युनिटप्रमाणं बिल द्यायचं? पण एवढ्याशा कामाला कंपनी येते का, का चारपाच गावांनी मिळून महाऊर्जाकडे (राज्य सरकारची अपारंपरिक ऊर्जेची संस्था) जावं? आणि हो, माकडांचं काय करता?

प्रतिसाद: हायब्रिडच्या नादी लागू नका. ऑनग्रिड बसवा आणि कॉम्प्युटर, प्रिंटर, राउटर, एक पंखा एवढ्यालाच साधा इन्व्हर्टर वेगळा ठेवा. शाळेचा भार आधी वाढवून घ्या, मग कोटेशन मागवा. ५ वर्षांचं मेंटेनन्स लेखी घ्या आणि पॅनल धुवायला वर पाण्याचा नळ काढून घ्या, नाहीतर धूळ कोण पुसणार? माकडांना आम्ही जाळी मारलीय, सावली पडणार नाही अशी.

धागाकर्ता: धन्यवाद दादा. इन्व्हर्टर आहे की हापिसात, बॅटरी मेलीय फक्त. जाळीचा फोटो टाकाल का?